देशाच्या खोलीत प्रमिलाची गोधडी

आज बुधवार. माझ्या बायकोला, प्रमिलाला, जाऊन वर्ष झालं.

सकाळी वर्षश्राद्ध झालं. पाहुणे जेवले आणि दुपारच्या एसटीने गेले. भांडी शेजारच्या कांतावहिनींनी आवरली. आता घरात मी एकटा आहे.

मला पोस्ट लिहायची सवय नाही. पण तिची एक गोष्ट आमच्या संग्रामपुरात सगळ्यांना अर्धीच माहीत आहे.

तिची गोधडी इटलीला गेली होती, ही ती अर्धी.

तिकडे मोठं कला प्रदर्शन भरतं. प्रत्येक देशाचं आपलं पॅव्हिलियन, म्हणजे दालन असतं. भारताच्या पॅव्हिलियनसाठी मुंबईच्या आर्टिस्ट नेहाताईंनी प्रमिला आणि कांतावहिनी यांच्याकडून जुन्या लुगड्यांची एक भली मोठी गोधडी शिवून घेतली. दोघींचा अख्खा उन्हाळा त्यात गेला.

प्रमिला पॅव्हिलियनला 'देशाची खोली' म्हणायची.

गोधडी मुंबईला पोचली आणि नेहाताईंचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"मावशी, एका कोपऱ्याला मुंग्या लागल्यात. आत काय आहे?"

"भाकर हाय."

तिच्या माहेरची रीत. शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालायचा, मग टाका मारायचा. गोधडी उपाशी ठेवायची नाही. यात सांगण्यासारखं काही आहे, असं तिला वाटलंच नव्हतं.

नेहाताई म्हणाल्या, खायची वस्तू आत असली तर तिकडे घेत नाहीत. कीड लागते. तुकडा काढावा लागेल.

"उपाशी नाई पाठवाची, ताई. वापस पाठवा मंग."

कांतावहिनींचे डोळे भरले. त्यांनी माहेरी-सासरी सगळीकडे सांगून ठेवलं होतं.

"काऊन हट्ट करता हो बाई? एवढासा तं तुकडा. तिथं कोन पाहून राह्यलं?"

"मी पाहून राह्यली न."

"तुमी कुठं इटलीले जाऊन राह्यल्या?"

यावर प्रमिला हसली. पण हलली नाही.

दोन दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. त्या दिवसांत चतुर्थी आली. रात्री कांतावहिनी नेहमीसारख्या चंद्र पाहायला आमच्या गच्चीवर आल्या. दोघी शेजारी शेजारी उभ्या, तोंडं दोन दिशांना.

चंद्र निघाला. प्रमिला मला म्हणाली, "लावा फोन त्या ताईले."

"ताई, काढा तुकडा. गाईले घाला. आम्ही चतुर्थी धरतो, ते काय उपाशी मरून राह्यलो? चांद निघाला का सोडतो. तिचाबी उपास समजा. पण प्रदर्शन उठलं का त्याच दिवशी सोडवा. तिथले लोकं जे खातात ते द्या अन् तुमच्या हातानं टाका मारा. कबूल?"

"कबूल, मावशी."

"शिवता येते न?"

"बटण लावता येतं."

"मंग जमते."

गोधडी गेली. देशाच्या खोलीत छताला टांगली. फोटो आले. कांतावहिनींनी गावभर दाखवले.

प्रदर्शन चालू असतानाच प्रमिला गेली. अटॅक आला. खामगावच्या दवाखान्यापर्यंतही नेता आलं नाही.

मी नेहाताईंना कळवलं. त्या फोनवर रडल्या. उपासाचा विषय मी काढला नाही. त्यांनीही नाही.

आता विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

प्रदर्शन उठलं त्या दिवशी एक व्हिडिओ आला. रिकामं दालन. गोधडी जमिनीवर उतरवलेली. नेहाताई मांडी घालून बसलेल्या. त्यांनी पावाचा तुकडा कोपऱ्यात सरकवला आणि टाका मारला. वाकडा. बोटात सुई गेली, तोंडात बोट घातलं, परत शिवायला लागल्या.

खाली एवढंच लिहिलं होतं: मावशींना सांगा, जेवली.

नेहाताई, तुमचे उपकार मी विसरणार नाही.

प्रमिला, तू होतीस तोवर मीटर बघायला येणारा माणूससुद्धा या घरातून न खाता गेला नाही. मी तर जन्मभर तुझ्या हातचं खाल्लं. थँक्यू.

नीट राहा.

गोधडी पार्सलने आली होती. इतके दिवस खोका तसाच ठेवला होता. आज उघडला.

खाटेवर टाकली तर चारी बाजूंनी जमिनीला लागते. घडी घालून निम्मी केली.

आता जरा पांघरून पडतो.