सासऱ्यांचा हर्निया

तमाम सोयरेधायरे, शेजारीपाजारी आणि आष्टीच्या बाजारात आमच्या सासऱ्यांसोबत चहा पिणारी मंडळी यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, सासऱ्यांना हर्निया झाला होता ही बातमी साफ खोटी आहे. ती पसरवण्याचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं आणि मी ते मन लावून केलं. मजेचा भाग तेवढाच. 

आमच्याकडे जावई म्हणजे पाटावर बसवायची वस्तू. त्याला कोणी पाण्याचा तांब्याही उचलू देत नाही. त्यामुळे सासऱ्यांनी मला जेवणावरून उठवून संत्र्याच्या बगिच्यात नेलं, तेव्हाच मी समजलो की काहीतरी बिघडलं आहे.

"जवाईबापू, तुमाले सांगाले लाज वाटते. पर मले पोरगा नाई." ते एका झाडाकडे बघत म्हणाले, "उजव्या बाजूचा गोटा फुगून राह्यला. दिवाळीपासून."

"दुखते का?"

"दुखत नाई, म्हणून तं गप होतो. पाणी भरलं असन. हत्तीरोगाचे डास हायेत आपल्याकडं, गावातल्या किती म्हाताऱ्यांले हाये ते. थंडीत काढून घेऊ. उन्हाळ्यात टाके चिघळते."

आमच्या जिल्ह्यात हा युक्तिवाद कोणी खोडू शकत नाही. अंडवृद्धी झालेला म्हातारा पाय फाकवून चालतो, लोक त्याला वाट देतात, विषय संपतो. मीही संपवला असता. पण तोंडातून प्रश्न निसटलाच, "मामाजी, मऊ लागते का?" जावयानं सासऱ्याला विचारायचा प्रश्न! आम्ही दोघंही एकाच संत्र्याकडे टक लावून उभे.

"नाई," ते म्हणाले. "दगडावानी टणक हाये."

पाणी दगडासारखं कसं लागेल, म्हणून मी हट्टानं दुसऱ्याच दिवशी त्यांना वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. घरी सांगितलं हर्निया. तरी सासूबाई डबा घेऊन सोबत आल्याच आणि बाहेरच्या बाकावर बसल्या.

डॉक्टर निघाल्या बाई, सासऱ्यांच्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. सासऱ्यांनी पायजम्याची नाडी दोन्ही मुठींत आवळली. बाईंनी गोड बोलून ती सोडवली, खोलीतला दिवा घालवला आणि टॉर्च माझ्या हातात दिला. "पाणी असेल तर उजेड आरपार येतो, लालसर दिसतं. तुम्ही धरा, मी बघते."

पाटावरचा जावई टॉर्च घेऊन उभा राहिला. अंधारात सासऱ्यांचा श्वास ऐकू येत होता.

"खालून धरा. अजून जवळ."

धरला. पलीकडे काळोख. लाल नाही, गुलाबी नाही, काही नाही. सेल उतरले असतील, म्हणून मी टॉर्च भिंतीवर मारला. भिंतीवर पांढरंशुभ्र वर्तुळ उमटलं. तेवढा लख्ख उजेड मला त्याआधी कधी नकोसा वाटला नव्हता.

मग सोनोग्राफी झाली, रक्त तपासायला गेलं, आणि बाईंनी आम्हाला समोर बसवलं. "काका, हे पाणी नाही. गाठ आहे, बहुतेक कॅन्सरची. यात सुई टोचून बघत नाहीत. जांघेतून अख्खं वृषणच काढतात. या वयात गाठ वेगवेगळ्या जातीची निघते, ती कोणती ते काढल्यावरच कळेल. पण लवकर काढली तर बरं होण्याची आशा चांगली आहे."

बाईंनी ऑपरेशनच्या संमतीचा कागद आणि पेन पुढे केलं. सासऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "थंडीत पाहू."

"थंडीपर्यंत ही पोटात चढेल, काका."

"अन् मी आष्टीत तोंड कसं दाखवू? अर्धा माणूस होऊन?"

"मामाजी, तोंड तं तेच राहणार हाये," मी म्हणालो. कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही. त्यांनी पेन टेबलावर ठेवून दिलं आणि उठायला लागले. मी त्यांचा दंड धरला. जावई सासऱ्याचा दंड धरत नाही, पण धरला. त्यांनी तो हिसकला आणि आम्ही दोघंही मोठ्यानं बोलायला लागलो.

पुढचं आधीच सांगून टाकतो. त्यांनी सही केली. गाठ निघाली, पसरलेली नव्हती, आणि आम्ही अजून ठरल्या वेळी तपासणीला जातो. पण सही माझ्यामुळे झाली नाही आणि डॉक्टरबाईंमुळेही नाही. आमचे आवाज चढले तसं दार उघडून सासूबाई डब्यासकट आत आल्या. "काऊन भांडून राह्यले?" त्यांनी विचारलं, आणि डॉक्टरबाईंनी आमच्या तोंडाकडे न बघता सगळं सांगून टाकलं. कॅन्सर हा शब्द आला तसा सासूबाईंनी डबा टेबलावर ठेवला. काय काढणार तेही त्यांनी ऐकलं. मग नवऱ्याकडे वळल्या, डोळ्यांत पाणी, आणि उघड्या दारातून बाहेरच्या अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"अवो, पोरी झाल्या, नातवंडं झाले, आता त्याचं काय लोनचं घालाचं हाये का तुमाले?"