राहिलेल्या ओट्या

आमच्या सासरचं मूळ गाव कोकणात आहे. पाच-सहा पिढ्यांपूर्वी घराण्यातला कोणी एक कारकुनीसाठी झाशीला आला आणि इथेच राहिला. पुढे आजेसासरे एकदा एकटेच गावी जाऊन आले होते. घरातली बाई मात्र कधी गेली नव्हती.

त्यामुळे आमच्या घरात एक रीत पडली होती. नव्या सुनेनं कुलदेवीला जाऊन तिची ओटी भरायची, हा नेम. पण देवी पार कोकणात. मग लग्नानंतर देवीच्या नावाने एक खण, हळकुंड आणि सुपारी कापडात बांधून ट्रंकेत ठेवायची आणि म्हणायचं, जाऊ तेव्हा भरू. माझंही असंच ठेवलं होतं. चौदा वर्षं झाली होती त्याला.

हे रेल्वेच्या ऑफिसात होते. त्या वर्षी थंडीत एका रविवारी अंगणात उन्हात बाजेवर गाड्यांचं वेळापत्रक पसरून बसले आणि म्हणाले, "या माघात गावी जाऊन येऊ. रजा मिळते आहे, पास आहे. कोल्हापूरपर्यंत रेल्वे, पुढे घाट उतरून एस.टी."

आम्ही सगळ्या बाजेभोवती जमलो. माझ्या सासूबाई, दोन मुली आणि मी. सासूबाईंना सगळे माईच म्हणत.

"भुसावळला गाडी किती वाजता पोचते?" मी विचारलं. माझं माहेर भुसावळचं.

"का, मधेच उतरायचा विचार आहे?" हे म्हणाले.

"नाही. खिडकीतून बघीन."

"रात्री दोन वाजता काय बघशील?"

"बघू दे तिला," माई म्हणाल्या. "माहेर अंधारातसुद्धा दिसतं."

थोरलीने विचारलं, "वहाँ सब लोग मराठीतच बोलतील?"

"मग काय इथल्यासारखं बुंदेली बोलतील तुझ्यासाठी?" हे म्हणाले.

"तर मी पण मराठी बोलूंगी," ती म्हणाली, आणि आम्ही हसायला लागलो तरी तिला कळेना आपलं काय चुकलं. त्या दिवसापासून माईंनी नियम केला, जेवताना हिंदी बोलेल त्याला वाढायचं नाही. पहिल्या दिवशी ह्यांच्यावरच उपाशी राहायची वेळ आली. "नमक देना" म्हणून बसले होते.

दोन दिवसांच्या प्रवासाचं खाणं माईंनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पहिल्या दिवशी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. दुसऱ्या दिवसाला दुधात भिजवलेल्या दशम्या, त्या टिकतात. शेजारच्या चाचींच्या माहेरून, गरौठ्याहून, तीळ आले होते, त्याचे लाडू गावच्या लोकांना न्यायचे. बिछाना बांधायला पट्टे हवेत, ते सदर बाज़ारातून आणायचे. कोणी काय उचलायचं तेसुद्धा त्यांनी ठरवलं. धाकटीला पाण्याची सुरई दिली.

मग ह्यांनी पासाचा कागद काढला. त्यावर घरातल्या माणसांची नावं आणि वयं लिहून द्यावी लागत. माझं लिहिलं, मुलींचं लिहिलं.

"माई, तुझं वय किती लिहू?"

"माझं कशाला? मी येत नाही."

ह्यांना आधी थट्टाच वाटली. "येत नाहीस म्हणजे?"

"गुडघे दुखतात."

"गाडी तुझ्या गुडघ्यांवर चालत नाही."

"तुळशीला पाणी कोण घालेल?"

भिंतीपलीकडून चाची म्हणाल्या, "हम डार देंगे, अम्मा." त्यांच्या घरात आमचं सगळं ऐकू जायचं.

"मी एकदा नाही म्हटलं ना," माई म्हणाल्या आणि आत गेल्या. ह्यांनी थोडा वेळ पेन धरून ठेवलं आणि मग त्यांचं नाव न घालताच कागदाची घडी केली. मला त्याचं फार आश्चर्य वाटलं. दशम्यांना दूध किती लागेल इथपर्यंत ज्यांनी हिशोब केला, त्याच येणार नाहीत?

दुसऱ्या दिवशी दुपारी माईंनी मला ट्रंक उघडायला सांगितली. तळाशी चार पुरचुंड्या होत्या. एक माझी. एक आजेसासूबाईंची, तिच्यातला खण घडीवर विरला होता. एक त्याहून जुनी, ती कोणाची ते माईंनाही ठाऊक नव्हतं. चौथी हिरव्या खणाची, ती त्यांची स्वतःची.

"चारही तू घेऊन जा," माई म्हणाल्या. "तुझी भर. या दोघींची भर. आणि माझीही भर."

"तुमची तुम्ही भरा ना," मी म्हटलं.

"मी कशी भरू?"

मग मला समजलं. सासरे जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. विधवा बाई ओटी भरत नाही. कोणी तसं बोलून दाखवायचीही गरज नसते.

माई पुरचुंडीच्या गाठीवर बोट फिरवत म्हणाल्या, "दर वर्षी म्हणायचे, रिटायर झालो की जाऊ. रिटायर झाले आणि चौथ्या महिन्यात गेले. आता तिथे जाऊन मागे भिंतीला टेकून उभं राहायचं आणि माझी ओटी सुनेच्या हातून जाताना बघायची, त्यापेक्षा मी इथे बरी. हे त्याला सांगू नकोस. उगाच वाईट वाटून घेईल."

मला वेळेवर बोलता येतच नाही. शब्द येतात ते दुसऱ्या दिवशी. सदर बाज़ारात दुकानदाराने दोनदा "क्या चाहिए बहनजी" विचारलं तरी मी काही न घेता परत आलेली आहे. पण ती गोष्ट माझ्या मनातून जाईना. इतक्या वर्षांनी गावी जायचं आणि जिला सगळ्यात जास्त जायचं होतं तिनेच घर राखायचं.

ह्यांनी गावी आधीच पत्र घातलं होतं. तिथल्या भाऊबंदांपैकी एका पुतण्याचं उत्तरही आलं होतं. यावं, काकूंच्या घरी उतरण्याची सोय होईल, देवीची पूजा त्यांच्याकडेच असते, असं त्यात होतं. मी ते पत्र पुन्हा वाचलं आणि ठरवलं की या काकूंना लिहायचं.

मी चौथीपर्यंत शिकलेली. भुसावळच्या शाळेत मराठी चौथी केली. इथे सगळ्यांचं शिक्षण हिंदीत झालेलं, पण माझंच मराठी अक्षर चांगलं म्हणून कोणी मला पत्र लिहायला सांगितलं असं कधी झालं नव्हतं. मी माहेरी कार्डं लिहायची, तीही चार ओळींची. माई निजल्या तेव्हा स्वयंपाकघरात पाटावर बसून धाकटीच्या पाटीवर आधी लिहून पाहिलं. पाच वेळा पुसलं. अनोळखी मोठ्या बाईला काय लिहावं कळेना. मान कमी पडायला नको म्हणून सुरुवात केली, "तीर्थरूप सौ. काकूंस शिरसाष्टांग नमस्कार." मग सरळ लिहिलं. माझ्या सासूबाईंची ओटी पंचेचाळीस वर्षं ट्रंकेत आहे. ठेवली तेव्हा त्या सवाष्ण होत्या. ती आता त्यांना स्वतःच्या हाताने भरता येईल का? तुमच्याकडे काय रीत आहे ते कळवावं. त्या नाहीतर येणार नाहीत.

कोथिंबीर आणते सांगून बाहेर पडले आणि पत्र कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं. टाकल्यावर हात आत घालून परत काढता येईल का तेही पाहिलं. येत नव्हतं. कोथिंबीर आणायची राहिली.

पुढचे पंधरा-वीस दिवस डाकवाला यायच्या सुमाराला मी दारातच काहीतरी काम काढून बसायची. तांदूळ इतके निवडले की माई म्हणाल्या, "यात आता खडे घालून निवडणार आहेस का?"

पत्र आलं तेव्हा हे दुपारी जेवायला घरी आले होते, आणि मी नेमकी चुलीपाशी.

डाकवाला म्हणाला, "बहूजी के नाम की चिट्ठी है."

ह्यांनी मागची बाजू पाहिली. "गावाहून. तुला कोण लिहितं तिथून?"

माझं तोंड तापलं. हे पत्र फोडायला लागले तर माई म्हणाल्या, "तिचं आहे ना? मग तीच वाचेल. आम्ही ऐकतो."

मी उभ्यानेच वाचायला लागले. ते पत्र अजून माझ्याजवळ आहे.

"चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद. तुम्ही मला सौ. लिहिलंत. बऱ्याच वर्षांनी कोणी लिहिलं. रागावले नाही, हसू आलं. माझे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली."

इथे मी थांबले. पुतण्याने नुसतं काकू लिहिलं होतं, बाकी मी मनाने धरून चालले होते. विधवा बाईला सौ. लिहिलं, आणि तेही नेमक्या त्या पत्रात. हे हसायला लागले. माई म्हणाल्या, "हसू नकोस. पुढे वाच."

"दीर नोकरीसाठी मुंबईला, म्हणून देवीची पूजा माझ्याकडे आली. नवरात्रातली ओटीही मीच भरते. पहिल्या वर्षी दोघी-तिघी कुजबुजल्या. मी म्हटलं, तुम्ही रोज पहाटे विहिरीचं पाणी आणून देवीला घाला, मी ओटी भरायची सोडते. त्यानंतर कोणी बोललं नाही. देवीनेही अजून काही म्हटलेलं नाही. तुमच्या सासूबाईंना सांगा, त्यांचा खण त्यांनीच आणावा. सुनेच्या हाती पाठवला तर मी घेणार नाही. नारळ इथे पुष्कळ आहेत, ओझं आणू नका. रजयाही आणू नका, इथे लागत नाहीत."

ह्यांचा घास तसाच हातात होता. त्यांना हे सगळं तेव्हाच कळत होतं.

"ते विहिरीचं परत वाच," माई म्हणाल्या.

मी वाचलं.

"तू माझं सगळं तिला लिहिलंस?"

"हो."

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

चौदा वर्षांत मी त्यांना दिलेलं हे पहिलं उलट उत्तर. माई उठल्या, नळावर जाऊन तोंड धुतलं, पदराने पुसत परत आल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "पासावर माझं नाव आहे का?"

"तूच नको म्हणालीस."

"मी म्हणते ते तू कधीपासून ऐकायला लागलास?"

"आता पुन्हा पासाच्या बाबूकडे जावं लागेल. तो म्हणेल, माँ को भूल गए थे?"

"म्हण, भूल गया था."

"जेवताना हिंदी, आजी," धाकटी म्हणाली.

"माझं जेवण झालं आहे," माई म्हणाल्या.

ह्यांनी विचारलं, "वय किती लिहू?"

"बासष्ट."

"मागच्या वर्षी तू पासष्ट सांगत होतीस."

"तेव्हा गुडघे दुखत होते."

त्याच संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर माईंनी मला पाटासमोर बसवलं. काकूंना उत्तर लिहायचं होतं आणि मजकूर त्या सांगणार होत्या. लिही, मी येते आहे. लिही, आमच्या सुनेकडून चूक झाली, तिला समजत नाही. मग थांबून म्हणाल्या, ते खोड, समजतं तिला. लिही, तिकडे पोळी खाता की भातच? लिही, देवीला आमच्याकडचा गूळ चालेल का? लिही, अकरा वर्षांपूर्वी त्यांना काय झालं होतं? लिही, आमच्याकडे चार वर्षं झाली, छातीत दुखलं, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. पत्राची घडी करायची बाजूही भरली, मग मी कडेने आडवं लिहिलं. जागा संपली म्हटलं तर म्हणाल्या, उद्या दुसरं आण.

निघालो त्या दिवशी चाची स्टेशनवर आल्या होत्या. तुळशीला पाणी किती घालायचं ते माईंनी त्यांना गाडी हलेपर्यंत सांगितलं. मग खिडकीपाशी बसल्या. ती जागा थोरलीला हवी होती, पण ती काही बोलली नाही. पुढचं बबीना स्टेशन यायच्या आत डबा उघडला गेला. समोरच्या बाकावर एक बाई होती, तिलाही माईंनी दोन पुऱ्या दिल्या.

"कितै जा रईं अम्मा?" तिने विचारलं.

"कोंकन," माई म्हणाल्या. "अपनी देवी की ओटी भरबे."

ओटी म्हणजे काय ते त्या बाईला ठाऊक नव्हतं. माईंनी हात पुसून हिरव्या खणाची पुरचुंडी काढली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. नवी सून, खण, हळकुंड, सगळं. ती बाई लक्ष देऊन ऐकत होती. मधेच तिने विचारलं, "तो आपके आदमी भी संग में हैं?"

मी धाकटीला पाणी देत होते, माझा हात थांबला.

"नईं, वे तो चार साल भए नईं रहे," माई म्हणाल्या, आणि खणाची घडी उलगडून तिला काठ दाखवू लागल्या.