आईने गालावर अंगठा दाबला

आज ऑफिसातून घरी आले तेव्हा आई माझ्या चित्रासमोर उभी होती. तिच्या अंगठ्याला गुलाबी रंग लागला होता.

मी ऑइल पेंटिंग शिकते आहे. सरांनी एका जुन्या डच चित्रकाराच्या चित्राची हुबेहूब नक्कल करायला दिली आहे. पांढऱ्या टोपीतली एक म्हातारी. रत्नागिरीच्या दमट हवेत रंगाचा एकेक थर कित्येक दिवस वाळत नाही. तिचा गाल कालच कुठे जमला होता. आज त्यात अंगठ्याचा खोल ठसा.

"हात कशाला लावलास, आई?"

"वाळला काय बघितलं," ती म्हणाली. आंबापोळी वाळली का, हे ती जन्मभर असंच बघत आली आहे. "ओलाच आहे गो अजून. उन्हात ठेव जरा."

मी ओरडले. ती अंगठा पदराला पुसत आत गेली.

रंग खरवडायला सुरी घेतली आणि तशीच बसून राहिले. तो गाल पुन्हा रंगवायचं त्राण नाही. सर उद्या खरवडून पुन्हा रंगवायलाच सांगतील. पण गाल खरवडलेला दिसला, तर आपल्यामुळे बिघडलं म्हणून आई या खोलीत परत पाऊल टाकणार नाही.

तुम्ही काय केलं असतंत?