रिकाम्या सीटचा बेल्ट

गाडी नीट होऊन घरी आली त्याला आठ दिवस झाले असतील. मी एकटाच नेकनूरच्या बाजारातून येत होतो. भर दुपार, वाटेवर कुत्रंसुद्धा नाही. आमच्या गावाच्या फाट्याला वळलो आणि गाडी वाजायला लागली. टिंग, टिंग, टिंग. स्टेअरिंगच्या पलीकडं लाल दिवा लागला. त्या दिव्यात बसलेला माणूस असतो आणि त्याच्या छातीवर आडवी पट्टी. डाव्या सीटवरच्या माणसानं बेल्ट लावला नाही, असं गाडी म्हणत होती.

डाव्या सीटवर कुणी नव्हतं. भाजीची पिशवी मी मागं टाकली होती. गाडी बाभळीखाली उभी केली आणि सीटवर हात फिरवला. सीट गरम लागली. उन्हानं गरम झालीय, हे मला कळत होतं. तरी हात झटक्यात काढून घेतला.

त्या सीटवर माझी बायको बसायची. ती जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

मी चौथी शिकलेला. लिहायचं मला वळण नाही, पण हे लिहून ठेवायचं ठरवलंय, तर सरळ लिहितो. गाडी घेतली ती बायकोच्या गुडघ्यांपायी. तिला मोटरसायकलवर टांग टाकता येत नव्हती. गाडी आली तशी ती खूश, पण बेल्टशी तिचं वैर. ती बुटकी, पट्टी बरोबर गळ्याला यायची. म्हणायची, "माझ्या गळ्याला दावं कावून लावता? मी काय पळून चालले का?" मग सगळ्या वाटंनं गाडी टिंग टिंग करायची आणि ती गाडीला शिव्या द्यायची.

मांजरसुंब्याच्या चौकात एक दुकान आहे, सीटची कव्हरं, काचेवर लटकवायची खेळणी, असलं मिळतं. तिथं मला क्लिप मिळाली. क्लिप म्हणजे बेल्टच्या टोकाला जी लोखंडी जीभ असते ना, तेवढीच नुसती, मागं पट्टी नाही. ती खाचेत खुपसली की गाडीला वाटतं बेल्ट लागला, आणि ती गप बसते. दुकानदार म्हणाला, काका, सगळेच नेतात. खरंच सगळेच नेतात. आमच्या गावात चार गाड्यांना ती आहे. मी आणली, खुपसली, बायको म्हणाली, "आता कसं शाण्यावानी बसली बघा सवत माझी." दीड-दोन वर्षं ती क्लिप तिथंच होती.

उसाचा हंगाम चालू होता. तिची बहीण धारूरला आजारी, तिला बघायला निघालो होतो. केज सोडल्यावर एका वळणावर उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी, चाक काढून ठेवलेलं. मी ब्रेक दाबला, पण अंतरच उरलं नव्हतं. माझ्या पुढ्यातली एअरबॅग फाटकन फुगली. आमच्याकडं त्याला फुगा म्हणतात. तिच्या पुढ्यातला फुगा आलाच नाही. तिचं कपाळ सरळ समोर आपटलं.

ऊसतोडीची माणसं धावत आली. मागून एक जीप आली, ती थांबवली. चौघांनी तिला उचलून जिपात घातलं. आणि मी मागं फिरलो. गाडीचं दार उघडंच होतं. मी वाकून ती क्लिप उपसली, सदऱ्याच्या खिशात घातली, मग जिपात जाऊन बसलो.

कावून काढली, ते मला आजपण धड सांगता येत नाही. कुणी बघंल, एवढंच डोक्यात आलं. बायको रक्तात पडलेली आणि माझ्या डोक्यात ते आलं.

बीडच्या दवाखान्यात ती दोन दिवस होती. डोळे उघडले नाहीत. पोरगी अंबाजोगाईला दिलेली, तिथं शाळेवर शिकवते. ती आली आणि पहिलं तेच विचारलं, "अप्पा, आईनं बेल्ट लावलता ना?" मी म्हणलं, लावलता. डॉक्टरला तेच सांगितलं, विम्याच्या माणसाला तेच. राख सावडायच्या दिवशी नदीवर सगळे खाली वाकले होते, तेव्हा मी ती क्लिप पाण्यात सोडली.

आणि आता गाडी नीट होऊन आली होती, क्लिप नव्हती, सीटवर कुणी नव्हतं, आणि गाडी म्हणत होती की इथं कुणीतरी बेल्ट न लावता बसलंय.

पहिल्यांदा वाटलं, एखाद्या वेळी होतं. पण रोज व्हायला लागलं. फाटा आला की वाजायचं, कधी दारातून गाडी काढली की लगेच. मी घाबरट माणूस नाही. रात्री विहिरीवर मोटार चालू करायला एकटा गेलेला माणूस आहे मी. पण हे भर उन्हात व्हायचं, आणि ते लई वाईट. अंधारात माणूस म्हणतो की दिसलं नाही. उन्हात सगळं लख्ख दिसतं. सीट दिसती, सीटवर बसून बसून तिच्या वजनानं पडलेला खड्डा दिसतो, आणि त्यात कुणी नाही हे पण दिसतं.

शेवटी मी त्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावायला लागलो. लावला की गाडी गप. पट्टी आडवी ताणलेली, आत कुणी नाही. गावातली माणसं बघायची. एकजण पारावरून ऐकू येईल असं बोलला, की आता लावतोय म्हातारा बेल्ट. मी गाडी पुढं काढली.

एक दिवस नेकनूरला माझ्या वर्गातला एक गडी भेटला. त्याला मांजरसुंब्याला जायचं होतं. त्यानं डावं दार उघडलं, बेल्ट बघितला आणि म्हणाला, "कुणाला बांधून ठिवलंय बे हितं?" त्यानं बेल्ट सोडला आणि बसला. स्वतः काही लावला नाही. मी वाट बघत होतो की आता वाजंल. गाडी वाजली नाही. घाट गेला, चौक आला, एकदासुद्धा वाजली नाही. तो खाली उतरला, दार लावलं, मी गाडी जरा पुढं घेतली आणि टिंग, टिंग, टिंग. काच खाली होती, त्याला पण ऐकू गेलं. तो तसाच उभा राहिला.

"मी बसलतो तवा तर गप व्हती की रे," तो म्हणाला.

त्यानंतर तो माझ्या गाडीत कधी बसला नाही. ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलं असणार, कारण दुसरं पण कुणी बसेना.

मी घरी येऊन ज्वारीचं पोतं सीटवर ठेवून बघितलं. पोतं ठेवलं की गाडी गप. पोतं उतरवलं की पाच-दहा हात गेल्यावर वाजायला सुरू. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच. कुणी बसायला आलं की ती उठून जागा देते आणि मी एकटा असलो की येऊन बसते, असा मी त्याचा अर्थ लावला. तिचा स्वभाव तसाच होता. पाव्हणं आलं की ही चुलीपुढं.

खरं लिहायचं म्हणलं तर मला ते आवडायला लागलं. बेल्ट लावायचं मी सोडून दिलं. वाजू द्यायचो. वाजत असलं की बोलायचो तिच्याशी, अमक्याची म्हैस व्याली, तमका वारला. आणि कधी कधी मध्येच गप व्हायचो, कारण वाटायचं, ही बसायला येत नाही, ही विचारायला येतीय. क्लिप कुठाय, म्हणून विचारतीय.

मग पोरीचा फोन आला. कंपनीनं आमच्या मॉडेलच्या गाड्या परत बोलावल्यात, तिच्या मोबाईलवर मेसेज आलाय, कारण गाडीच्या कागदावर नंबर तिचा. डाव्या सीटच्या आत वजन ओळखायची एक पट्टी असते, ती खराब निघतीय, फुकट बदलून देणार. रविवारी ती घरी आली. लोकांच्या तक्रारी तिनं मोबाईलवर शोधून ठेवल्या होत्या, त्या मला वाचून दाखवल्या. कुठली कुठली माणसं. एकानं लिहिलं होतं, रिकामी सीट वाजते. एका बाईनं लिहिलं होतं, सासरे गेल्यापासून त्यांची सीट वाजते, आम्ही घरात शांती करून घेतली तरी वाजते. एकानं सीटखाली लिंबू बांधलं होतं. पोरगी वाचत गेली आणि मी मनात गाड्या मोजत गेलो. देशात इतक्या गाड्या, आणि प्रत्येक गाडीत कुणीतरी बसलेलं.

पोरगी म्हणाली, "अप्पा, तुमच्या गाडीला व्हत न्हाई ना असं?"

मी म्हणलं, व्हतंय.

सोमवारी दोघं बीडला सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथला मिस्त्री माझ्याहून थोडा लहान, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यानं वायर लावून बघितलं आणि सांगितलं की पट्टी उलटं वाचतीय. माणूस बसला की सीट रिकामी म्हणते आणि रिकामी असली की माणूस बसलाय म्हणते. पोरीनं विचारलं, सीट रिकामी वाटली तर काय होतं? तो म्हणाला, मग त्या बाजूचा फुगा गाडी उघडत नाही. कुणी नाही तर कशाला उघडायचा?

आमची गाडी अपघातानंतर तिथंच नीट झाली होती. पोरीनं तेव्हाची फाईल काढायला लावली. त्यात गाडीच्या मेंदूतला एक कागद होता, ज्या क्षणाला धडक बसली त्या क्षणाचा. मिस्त्रीनं बोट ठेवून वाचला. डावी सीट, रिकामी. डावा बेल्ट, लावलेला.

त्यानं चष्मा काढला. "काका, रिकाम्या सीटला बेल्ट कुणी लावलता?"

"रिकामी नव्हती," पोरगी म्हणाली. "माझी आई व्हती."

मी त्या कागदाकडं बघत राहिलो. गाडीच्या हिशोबानं माझी बायको त्या दिवशी गाडीत नव्हतीच. मी एकटा चाललो होतो, शेजारी एक बेल्ट लावून. त्या कागदात दोन खोट्या गोष्टी होत्या. एक गाडीची होती आणि दुसरी माझी.

मिस्त्री पट्टी बदलत बदलत बोलत होता. नवी गाडी बरोबर वाचते, वर्ष-दोन वर्षानं बिघडते. बिघडली की रिकामी सीट वाजायला लागते, लोक वैतागून घेऊन येतात, म्हणून बरंय. "तुमची तर तवाच वाजत असंल की. तुमच्या कसं ध्यानात आलं न्हाई?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं बघितलं.

येताना गाडी शांत होती. पोरगी डाव्या बाजूला बेल्ट लावून बसली होती आणि रडत पण होती आणि मोकळी पण झाल्यासारखी होती. म्हणत होती, आता लेखी तक्रार करायची, सरकारकडं पण पाठवायची, बाकीच्यांच्या गाड्यांत माणसं बसतायत. आणि तुम्ही आता स्वतःला खाऊ नका. आईनं बेल्ट लावलता, कागदच बोलतोय.

मी मनात एकच हिशोब करत होतो. क्लिप नसती, तर ती सीट रिकामी असताना वाजली असती. मी पण वैतागून गाडी बीडला आणली असती. पट्टी तेव्हाच बदलली असती. पट्टी बिघडल्यापासून ती गाडी मला सांगायला बघत होती आणि मी तिच्या तोंडात बोळा कोंबला होता. भूत असतं तर बरं झालं असतं. भुताला निदान काहीतरी देऊन शांत करता येतं.

घरी आल्यावर पोरगी ओसरीवर वही घेऊन बसली. मला समोर बसवलं. ट्रॉली, वळण, फुगा, सगळं लिहिलं. मग वाचलं, "माझ्या आईने सीट बेल्ट लावलेला होता." आणि पेन माझ्या हातात दिला, सही करा म्हणून.

मी म्हणलं, "लावला नव्हता."

तिला वाटलं माझ्या ध्यानात राहिलं नाही. मग मी क्लिपचं सांगितलं. मांजरसुंबा, दुकान, ती कुठं बसवली, तिच्यामुळं वाजणं कसं कधी ऐकूच आलं नाही. पोरीनं वही खाली ठेवली. उठली, अंगणात गेली, गाडीला पाठ लावून उभी राहिली. लई वेळ. मला वाटलं आता बॅग उचलून जाईल. ती गेली असती तरी मी काही म्हणालो नसतो.

ती परत आली आणि लिहायला बसली. लिहून झालं तेव्हा वाचून दाखवलं. त्यात होतं की वडिलांनी चुकून बेल्टच्या जागी क्लिप लावली होती.

"'चुकून' खोड," मी म्हणलं. "इकत आनून लावली मी."

"मी खोडत न्हाई. तुमी खोडा."

मी पेन घेतला आणि तो शब्द खोडला. जरा जास्तच खोडला, कागद फाटायला आला. सही केली. वही-पेन तिच्याकडं सरकवलं.

तिनं वही मिटली नाही. सहीकडं बघत बसली. मग म्हणाली, "आनि ती क्लिप? गाडीत कुनालाच कशी सापडली न्हाई, अप्पा?"

मी तिला सांगितलं. जीप उभी होती, तुझी आई आत होती, आणि मी मागं फिरलो.

तिनं पेन उचलला. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

"हेबी लिहायचं का?"

"लिही."

माझ्या सहीखाली जागा होती. तिनं तिथं लिहायला सुरुवात केली, आणि शाळेतल्या पोरांना सांगतात तसं मला म्हणाली, "सावकाश सांगा. पयल्यापासून."