खालून पाचवी रेघ

आमच्या बाईंचं नाव मी इथे लिहिणार नाही. गुरूचं नाव घ्यायचं तर आधी कानाच्या पाळीला हात लावायचा, ही आम्हा गाणाऱ्यांची रीत. एका हातात पेन आणि दुसरा हात कानाला, असं किती वेळ लिहीत बसणार? तेव्हा नुसतं बाई म्हणते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी वर्ध्याच्या कॉलेजात संगीत घेऊन बी.ए. करत होते. संगीत घेतलं म्हणजे पोरगी अभ्यासात ढ असणार, अशी घरीदारी सगळ्यांची खात्री. बाईंचा वर्ग सकाळचा. त्या आल्या की गवसणी काढून तानपुरा आडवा घ्यायच्या आणि लावत बसायच्या. कधी चटकन लागायचा, कधी निम्मा तास त्यातच जायचा, विशेषतः उन्हाळ्यात, तेव्हा लाकूडसुद्धा तडतड करायचं. आम्ही चिडीचूप. तानपुऱ्याला तारा चार. एक पंचमाची, दोन षड्जाच्या, एक खर्जाची, म्हणजे खालच्या सा'ची. गांधाराची, म्हणजे ग'ची, तार मुळी नाहीच. पण तानपुरा नीट लागला, की कुणी न लावलेला गांधार त्यातून आपसूक उमटतो, असं बाई सांगायच्या. तो आल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही, हा वर्गाचा कायदा.

"आला का?" बाई विचारायच्या.

पुढे बसणारी एक मुलगी म्हणायची, "आला." की मागून सगळ्या, "आला, बाई!" हजेरीच जशी. मला काही म्हणता काही यायचं नाही. चार तारांचा गुंजारव तेवढा ऐकू यायचा. मी मुळातच तिरसट. एक दिवस उभी राहिले आणि म्हटलं, "बाई, मला नाही ऐकू येत. आणि खरं सांगू का, यांनाही येत नाही."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. बाई मात्र हसल्या. वर्गात त्या शुद्ध बोलायच्या, पण मनातलं बोलताना त्यांची वऱ्हाडी यायची, बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात ती. "नाई येत? मंग बस. येईन एखाद दिवशी. घाई कायची हाय तुले?"

तो 'एखाद दिवस' यायला दहा-बारा वर्षं लागली.

तोवर मी एम.ए. झाले, बाई निवृत्त झाल्या, आणि त्यांच्याच जागेवर मी लागले. लागले खरी, पण वर्ग बदलला होता. कॉलेजनं इलेक्ट्रॉनिक तानपुरे घेतले होते, रेडिओएवढे डबे. बटण दाबलं की लागला. मुलींना भारी सोय वाटायची. खरा तानपुरा लावायला बसावं तर पोर्शन मागे पडे. त्यामुळे ज्यांना खरंच गायचं होतं त्या पोरी संध्याकाळी बाईंच्या घरी जायच्या. नाचणगावची एक तर बाईंकडून निघायची आणि धावतपळत शेवटची गाडी गाठायची. बाई एकट्या राहत. पोरी आल्या की घर भरायचं.

मग माझ्यामागे पीएच.डी. लागली. विषय घेतला तो पदवीच्या वर्गात संगीत शिकवताना संगणक कितपत कामाचा, हा. मार्गदर्शक सर भले गृहस्थ, पण त्यांचा निष्कर्ष माझ्या पहिल्या प्रकरणाआधीच तयार होता. "मॅडम, 'अत्यंत उपयुक्त' असंच यायला पाहिजे. जमाना त्याचा आहे." मी म्हटलं, सर, आधी बघू तर द्या.

आमच्या विभागाला त्याच सुमारास एक कॉम्प्युटर मिळाला होता. त्याचा थाट काय सांगू! त्याला प्लॅस्टिकचं झबलं, चपला बाहेर, आणि दसऱ्याला लावलेलं हळदीकुंकू पुढच्या दसऱ्यापर्यंत पुसायचं नाही. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका सरांनी सीडीवरून त्यात आवाजाचं चित्र काढणारं सॉफ्टवेअर घालून दिलं. माईकसमोर गायचं, थांबायचं, बटण दाबायचं, की गायलेलं सगळं पडद्यावर रेघांनी उमटायचं. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर सुरांची उंची.

पहिल्या दिवशी मी नुसता सा लावला. बटण दाबलं आणि पडद्यावर एकावर एक रेघांची शिडीच उभी राहिली. माझा एकच सा, आणि त्याच्या पोटात एवढे सूर! जन्मभर ज्याला हात लावता आला नाही ते समोर दिसत होतं. रेघा जराशा थरथरत होत्या. माणसाचा आवाज कितीही स्थिर लावा, थोडा हलतोच. मी सरांना म्हटलं, "अहो, हे बघा, मी!" सर म्हणाले, "हो, मॅडम, तुम्हीच." त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर नाचले असते.

डब्यातल्या तानपुऱ्याचं चित्र काढून झालं, आता खऱ्याचं हवं होतं. आणि खरा लागलेला तानपुरा गावात एकाच ठिकाणी. मी बाईंना विचारलं. त्या पटकन तयार झाल्या. जरा जास्तच पटकन, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

मे महिन्यातली सकाळ होती. बाई सायकलरिक्षातून आल्या, मांडीवर रजईत गुंडाळलेला तानपुरा. वीज जायच्या आत सगळं उरकायचं होतं. माईकमध्ये आवाज शिरतो म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. वर्ध्याचा मे आणि पंखा बंद म्हणजे काय ते वर्धेकरांनाच ठाऊक. आम्ही दोघी घामानं चिंब. बाईंनी वाटेसाठी सैल केलेल्या तारा पुन्हा चढवल्या, खुंट्या पिळल्या, खालचे मणी सरकवले. लावताना त्यांनी डोळे मिटून गाल तानपुऱ्याच्या दांडीला टेकवला होता. पूर्वी त्या असं करत नसत. मला वाटलं, वय झालं, थकल्या असतील.

"घे," त्या म्हणाल्या. मी चालू केलं. त्यांनी खर्जाची तार एकटीच छेडली आणि पार विरून जाऊ दिली. मग मी बटण दाबलं.

अग माय! डब्याचं चित्र मी बघितलं होतं, त्यात चार-सहा रेघा, सगळ्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या. इथे एका तारेतून रेघांचं रानच उगवलं होतं. सरळ, न थरथरणाऱ्या. बाईंना म्हटलंसुद्धा, माणसाची रेघ अशी राहत नाही, हलते. आणि सगळ्या एकदम नाही. एक दाट होतेय तोवर दुसरी फिकट, मग ती मागे सरतेय आणि वरची पुढे येतेय. मी खालून बोट लावत गेले. पहिली खर्ज. दुसरी षड्ज. तिसरी पंचम. चौथी वरचा षड्ज. पाचवी... माझं गणित कच्चं, म्हणून कागदावर खर्जाच्या कंपनांना पाचनं गुणून बघितलं, पेटीवर सूर दाबून बघितला. पाचवी रेघ गांधाराची होती. कुणी न लावलेला, तार नसलेला गांधार. आधी पुसट, मग हळूहळू उजळत गेलेला.

मी तोच तुकडा पुन्हा वाजवला. पाचव्या रेघेवर बोट ठेवून ऐकत राहिले, आणि जिथे रेघ उजळली तिथे तो आला. खर्जाच्या आतून, लांबून, मधासारखा. आजवर इतक्या वेळा कानावरून गेला असेल, मला कळलाच नव्हता.

"आला!" मी ओरडलेच. "बाई, आला! मला आला!"

बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या पडद्याकडे बघत होत्या. "खरंच हाय ना तो तिथं?" त्यांनी विचारलं. "तू मले बरं वाटावं म्हनून नाई ना सांगून राह्यली?"

मी म्हटलं, "अहो बाई, यंत्राला काय पडलंय तुम्हाला बरं वाटायचं?"

तेव्हा त्या बोलल्या. कान गेले होते. एकदम नाही, वर्षं-दोन वर्षांत हळूहळू. समोरचं माणूस मोठ्यानं बोललं आणि ओठ दिसले की भागत होतं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवून झालं होतं. कानाचं मशीन लावून बघितलं, तर बोलणं ऐकू येई, पण सूर सगळे पत्र्याच्या डब्यात घातल्यासारखे. काढून ठेवलं. दांडीला गाल लावला की तानपुरा हाडातून आत येई. पण येतो तो खरा गांधार की आपल्या मनातला, हे त्यांना कळेना.

"गुरूले शब्द देल्ला व्हता मी," त्या म्हणाल्या. "सूर समजनं बंद झालं, त्या दिवशी शिकवनं बंद. आज तेच पाहाले आली इथं." मग म्हणाल्या, "शिकवनं सुटलं, तर सकाळी उठू कायले मी?"

मला रडू फुटलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. मी पडद्यावर बोट आपटत म्हटलं, "हे बघा ना! बहिऱ्या माणसानं लावलेला तानपुरा आहे का हा? आख्ख्या जिल्ह्यात कुणी लावून दाखवावा असा!"

"तानपुरा लावता येते, हे समजलं," बाई म्हणाल्या. "आता पोरी काय गातात थे समजते का, पाहू. मी वाजवतो. तू गांधार लाव. चढा हाय का उतरला, मी सांगतो."

मी रेकॉर्डिंग चालू केलं. बाईंनी दांडीला गाल टेकवला, डोळे मिटले, चारी तारा छेडायला घेतल्या. मान हलवून मला खूण केली. मी तोंड उघडलं. आणि काही केल्या आवाज फुटेना. नुसती हवा तेवढी बाहेर येत होती. जरा थांबून सूर लावू, असं मनाशी म्हणते आहे तोच बाईंचा चेहरा खुलला.

"हं," त्या म्हणाल्या. "लागला. वा पोरी! असाच ठेव."

इतक्या वर्षांत बाईंनी मला एकदाही 'वा' म्हटलं नव्हतं. मी तशीच तोंड उघडं ठेवून उभी. त्या वाजवत राहिल्या, ऐकत राहिल्या. इतकं सुख मी कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. मग त्यांनी हात थांबवला आणि डोळे उघडले. "दाखव."

मी म्हटलं, "राहू द्या बाई, वीज जाईल आता."

"दाखव म्हनतो ना."

बटण दाबलं. रेघाच रेघा, सगळ्या सरळ. बाईंनी पदरानं चष्मा पुसला आणि बराच वेळ पडदा न्याहाळला. "मानसाची रेघ हालते, असं सांगत व्हती तू. यातली हालनारी रेघ कुठं हाय?"

मी माईकची वायर गुंडाळायला लागले.

"तू गायलीच नाई."

"नाही बाई. आवाजच फुटला नाही."

"म्हंजे मी आयकला तो याच्यातलाच व्हता." त्यांनी तानपुऱ्यावर हात ठेवला. मला वाटलं आता त्या कोसळतील. पण त्या म्हणाल्या, "केवढा साफ व्हता वं! मले मानसाचाच वाटला." हे बोलताना त्यांचे डोळे लहान पोरीसारखे मोठे झाले होते. आणि मग त्यांनी गवसणी ओढली आणि तानपुऱ्याच्या तारा उतरवायला घेतल्या. "पोरींले उद्यापासून तुझ्याकडे पाठवतो," म्हणाल्या. "झालं माहं."

मी तिरसट आहे हे सांगून झालंच आहे. माझं डोकं सणकलं. कुणावर म्हणाल तर त्या तानपुऱ्यावर. भोपळ्याच्या आणि लाकडाच्या त्या वस्तूचं बाईंना ऐकू येतं, आणि मी जिवंत माणूस समोर उभी, माझं येत नाही? त्याला दांडी आहे, तर मला काय हाडं नाहीत?

मी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले. गुरूच्या पायांना हात लावायचा, डोक्याला नाही, हे मला शिकवायला नको होतं. तरी मी दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं, माझं कपाळ त्यांच्या कपाळावर दाबलं, आणि सगळा जीव एकवटून गांधार लावला.

बाई दचकल्या. त्यांनी मागे व्हायला बघितलं, मी सोडलं नाही. दोघींचा घाम एक झाला होता. माझ्या कवटीत जे घुमत होतं ते त्यांच्या कवटीत जात असेल की नाही, देव जाणे. मी गातच राहिले. मग त्यांचा हात वर आला, माझ्या मानेमागे गेला, आणि त्यांनीच माझं कपाळ आणखी घट्ट दाबून धरलं. श्वास संपला, तो घेऊन मी परत लावला. त्या ऐकत होत्या. ऐकताना कपाळाला आठी पडली, ती मला माझ्या कपाळावर कळली.

"उतरला," बाई म्हणाल्या. "चढव जरा."

मी लेक्चरर, पीएच.डी. करणारी बाई, आणि माझा सूर उतरला होता. इतका आनंद मला त्याआधी आणि त्यानंतर कधी झालेला नाही. रडत रडतच मी तो चढवला.