मामाने मामीसाठी बांधलेली गाडी

खरं सांगायचं तर हे मी लिहिणारच नव्हते. तीनदा उघडलं आणि तीनदा बंद केलं. आज दुपारी मामाकडून आले, चपलासुद्धा काढल्या नाहीत, तशीच बसलेय आणि टाइप करतेय. चुका असतील तर असू देत. परत वाचायला घेतलं तर मी सगळं पुसून टाकेन, मला माहितीये माझं.

माझा मामा डेंटर आहे. ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा हातोडीने ठोकून ठोकून पुन्हा होता तसा करणारा. आईचा धाकटा भाऊ. दोन गाड्या कशाबशा मावतील एवढी शेड, भिंतीवर खिळ्यांना ओळीने टांगलेले हातोडे, आणि मागच्या बाजूला दोन खोल्या, तेच त्यांचं घर. स्वयंपाकघराची खिडकी शेडमध्येच उघडते. मामी त्या खिडकीतून चहा द्यायची आणि त्याच खिडकीतून टोमणे पण. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे सुट्टी लागली की मी तिकडेच पडीक. मला तोंडाला येईल ते फाडकन बोलायची सवय आहे म्हणून मामाने माझं नाव लवंगी ठेवलं होतं.

मामाचं काम बघत बसायला मला फार आवडायचं. तो हातात मऊ फडकं घ्यायचा, डोळे मिटायचा आणि पत्र्यावरून तळवा फिरवायचा. कुठे खोलगट आहे, कुठे फुगलंय, ते आपल्याला दिसायच्या आधी त्याच्या हाताला कळायचं. तिथे खडूने गोल काढायचा आणि मग ठोकायला घ्यायचा. कोणतीही गाडी आली की आधी बॉनेटवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचा.

"आवाज ऐक," म्हणायचा. जुन्या गाडीचा आवाज भरीव यायचा, जाड. नव्या गाडीचा टप टप, रिकाम्या डब्यासारखा. "हा पत्रा आहे की पापुद्रा? माणसं बसतात यात?"

तीस वर्षं ठोकाठोकी केल्यामुळे त्याचे कान कामातून गेले होते. उजवा तर कधीच गेला, डावा अर्धामुर्धा चालायचा. आम्ही सगळे त्याच्याशी ओरडून बोलायचो. मामी कधीच ओरडायची नाही. त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहायची आणि आपल्या नेहमीच्या आवाजात बोलायची. मला म्हणाली होती, "अगं ओरडलं की त्यांना नुसता आवाज ऐकू येतो. बोलणं नाही येत."

मामी शाळांचे गणवेश शिवायची. मोठमोठी गाठोडी घेऊन बसने जायची, खांदे दुखायचे तिचे. म्हणून गाडी शिकली, आणि एक दिवस खिडकीतून म्हणाली, "मला ती छोटी घ्यायचीये. निळी."

"तिला गाडी म्हणतात होय," मामा म्हणाला. "रोज येतात माझ्याकडे. समोरून जरा कुठे टेकल्या की चुरगळून पार काचेपर्यंत आत."

"चुरगळतात म्हणून तर तुमचं दुकान चालतं."

शेडमध्ये रंगाचं काम करणारे पेंटरकाका खो खो हसले. "वहिनी, आज पहिला कोट तुम्हीच मारलात."

पण मामा हसला नाही. त्याला खरंच भीती वाटायची. रोज चेपलेल्या गाड्या बघणारा माणूस तो, प्रत्येक गाडीत त्याला मामी बसलेली दिसत असणार. म्हणून त्याने भंगारातून एक पस्तीस वर्षांची गाडी उचलून आणली आणि आठ महिने तिच्यावर घालवले. गंजलेलं सगळं कापून काढलं, नवा जाड पत्रा बसवला. एवढं करून समाधान झालं नाही म्हणून पुढच्या बंपरच्या मागे, आतल्या बाजूने, लोखंडाचं एक जाडजूड चॅनेल, म्हणजे पन्हाळीसारखा दांडा, आडवं वेल्ड केलं. कोणी सांगितलं नव्हतं, त्याच्या मनानेच. बसायला कमरेचा पट्टा लावला, जुन्या पद्धतीचा, मांडीवरून जाणारा.

"आठ महिन्यांत माझ्याकडे एवढं बघितलं नाहीत," मामी म्हणाली. "सवतच आणलीत की घरात."

तेव्हापासून गाडीचं नाव सवत पडलं. मामाने मामीला बंपरवर उभं केलं. "चढ. नाच वाटल्यास. काही होत नाही हिला." मामी साडी सावरत चढली, मी फोटो काढला. त्यात तिने दोन्ही हात कमरेवर ठेवलेत, आणि मामा खाली उभा राहून तिच्याकडे न बघता वेल्डिंगच्या जोडाकडे बघतोय.

दोन वर्षांपूर्वी, सकाळी अकरा वाजता, मामी गणवेश पोचवायला निघाली होती. चौकाच्या अलीकडे समोरची एक गाडी वळताना तिच्या बाजूला आली. समोरासमोर. ती गाडी तसलीच होती, छोटी, नवी, फक्त निळीऐवजी पांढरी.

आई आणि मी पोचलो तेव्हा मामीला हॉस्पिटलला नेलं होतं. दोन्ही गाड्या तिथेच होत्या. पांढरी गाडी बघून मला वाटलं यातलं कोणी वाचलेलं नसणार. पुढचा अख्खा भाग कागदाच्या बोळ्यासारखा झाला होता. आणि तिचा ड्रायव्हर, माझ्याच वयाचा, फुटपाथवर बसून घरी फोन करत होता. मनगटाला खरचटलं होतं. बास.

सवतीचा एक दिवा फुटला होता. बंपर किंचित वाकला होता, आणि बॉनेटच्या टोकाला तळहाताएवढा डेंट. मी आईला म्हणाले, "आई, गाडीला काहीच झालेलं नाही गं." मला इतकं बरं वाटलं होतं. मी अक्षरशः हसले होते तिथे.

मामी दुपारीच गेली. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. डॉक्टर म्हणाले छातीला आतून मार लागलाय, स्टीअरिंगचा.

त्यानंतर तीन आठवड्यांनी कॉलेजमध्ये सरांनी आम्हाला एक व्हिडिओ दाखवला. मी मेकॅनिकलला आहे. एक जुनी गाडी, एक नवी, दोघींत बाहुले बसवलेले, आणि समोरासमोर टक्कर. सर सांगत होते, धक्का कुठेतरी जाणारच. नवी गाडी मुद्दाम अशी बांधतात की पुढचा भाग चुरगळावा, त्या चुरगळण्यातच धक्का जिरावा, आणि माणूस बसतो तो भाग शाबूत राहावा. स्टीअरिंगचा दांडा दुमडतो, पट्टा छातीवरून जातो, पुढून हवेची पिशवी फुगते. जुनी गाडी हटत नाही, मग तो सगळा धक्का आतल्या माणसाला. सर म्हणाले, "गाडीने मरायचं असतं, माणसाने नाही." वर्ग हसला.

मी वर्गातून उठले आणि थेट मामाच्या शेडमध्ये गेले. पेंटरकाका होते, दोन गिऱ्हाइकं होती. मी सगळ्यांदेखत बोलले. पाठ आहे मला काय बोलले ते. "ती निळी गाडी घेऊ दिली असतीस तर मामी आज असती. तिला टकरीने नाही मारलं मामा, तुझ्या त्या चॅनेलने मारलं. तू मारलंस."

आणि हे मी त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून बोलले. ओरडले नाही. मामी बोलायची तशी बोलले, म्हणजे त्याला नीट ऐकू जावं.

मामाने वेल्डिंगचा गॅस बंद केला. हात पुसले. आत गेला. मी घरी आले आणि मग दोन वर्षं गेलेच नाही.

आधी रागावले होते म्हणून नाही गेले. मग राग उतरला आणि लाज वाटायला लागली, म्हणून नाही गेले. आई जायची. म्हणायची, "विचारतो तो तुला. लवंगी काय करते म्हणतो." मी म्हणायचे परीक्षा झाली की जाते. परीक्षा काय, झाल्या की. चार झाल्या.

परवा पेंटरकाका बसस्टॉपवर भेटले. मी तोंड चुकवणार होते पण त्यांनीच हाक मारली. म्हणाले, "तुझा मामा हल्ली गाडीच्या पुढच्या भागाचं काम घेत नाही. नुसतं दारबिर चेपलं असेल तर करतो. पुढची दांडी वाकलीये म्हटलं की हात जोडतो. म्हणतो हे सरळ करून उपयोग नाही, कंपनीत जा, नवीन टाका, आत माणूस बसतो. गिऱ्हाईक चिडतं. एकाने तर म्हटलं, तुम्हाला जमत नाही म्हणून सांगा ना. मामा म्हणाला, हो, नाही जमत."

माझी बस आली, मी ती सोडली. मग ते म्हणाले, "येऊन जा गं पोरी. आता डावा कानही गेला त्याचा."

"कधी?"

"झाले सहाएक महिने."

आज गेले. मामा एका दाराच्या पत्र्यावर हात फिरवत होता, डोळे मिटून. मी आले ते त्याला कळलं नाही. खिडकी बंद होती. कोपऱ्यात सवत उभी होती, आणि बॉनेटच्या टोकाला तो डेंट तसाच. पेंटरकाका हळूच म्हणाले, "तासाभराचं काम. दोन वर्षं हात लावला नाही."

मामाने डोळे उघडले. मला बघून इतका हसला की मला तिथेच रडू फुटलं. बारीक झालाय. शर्टाचं वरचं बटण तुटलंय. असली तुटकी बटणं मामी शर्ट अंगात असतानाच लावून द्यायची.

"आलीस," म्हणाला. खूप मोठ्याने. स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही ना त्याला. "जेवलीस का?"

कान गेलाय हे विसरून मी सवयीने त्याच्या डाव्या बाजूला गेले. दोन वर्षं घोकलेलं सगळं बोलले. मामा माझं चुकलं, तू तिला वाचवायलाच बांधली होतीस गाडी, मी नको होतं तसं बोलायला. तो माझ्या तोंडाकडे बघत मान हलवत होता, हो हो, हो हो. मला वाटलं पोचलं.

मग तो म्हणाला, "परीक्षा कशी गेली?"

मी पेंटरकाकांकडे बघितलं. त्यांनी खिशातून खडू काढून माझ्या हातात दिला. "लिही. गिऱ्हाइकंही तसंच करतात हल्ली. गाडीवरच लिहितात काय झालंय ते."

जवळ सवतच होती. मी तिच्या बॉनेटवर लिहिलं. अक्षर माझंच मला लागत नव्हतं. मी तेव्हा बोलले ते चूक होतं. मला माफ कर.

मामाने चष्मा लावला. ओठ हलवत एकेक शब्द वाचला. मग हातातलं फडकं घेऊन पहिलं वाक्य पुसलं, सावकाश, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, रंगाआधी पत्रा पुसतात तसं.

"बोललीस ते बरोबरच होतं," तो म्हणाला. "मी त्या दिवशी गाडी बघितली तेव्हाच मला कळलं होतं. तीस वर्षं हेच बघतोय मी. जी गाडी चुरगळून यायची तिचा मालक स्वतः चालत यायचा माझ्याकडे. भाव करायचा, भांडायचा. माझ्या डोक्यात कधी आलंच नाही की हा चालत आलाय तो का आलाय."

मग दुसऱ्या वाक्यावर हात ठेवला. ते पुसलं नाही.

"हे मात्र लिहायला उशीर केलास. तू बोललीस त्याचं मला एवढं नाही लागलं गं. बोलणारं माणूस होतं निदान. मी रोज वाट बघायचो, म्हटलं आज येईल, अजून चार शिव्या देईल. डावा कान चालत होता तोवर. ती गेली. आणि मग तूही आली नाहीस."

हे सगळं तो ओरडून बोलत होता. रस्त्यावरचे दोघेजण थांबून बघायला लागले, त्यांना वाटलं भांडण चाललंय.

मी त्याचा हात धरला. तो तळवा, सगळं कळणारा. दुसरं काही सुचलंच नाही, त्याच्या तळव्यावर बोटाने लिहिलं, उद्या येते. त्याने डोळे मिटले होते. म्हणाला, "परत लिही." परत लिहिलं. "बरं," म्हणाला. "येताना बटण घेऊन ये, पांढरं."

निघताना मी सवतीच्या बॉनेटवर दोनदा टकटक केली. आवाज अजून तसाच आहे, भरीव, जाड. मामाने माझं बोट हललेलं बघितलं आणि तोंड फिरवलं.

तर मला एवढंच म्हणायचंय. तुमचंही असं कोणीतरी असेल. ज्याच्याकडे तुम्ही रागाने जायचं थांबलात आणि आता नुसत्या लाजेने जात नाही आहात. काय बोलायचं ते ठरवत बसू नका, मी दोन वर्षं ठरवत होते आणि ते ऐकायला कान उरला नाही. फोन नको, मेसेज नको. हे वाचून झालं की चपला घाला आणि जाऊन या. आजच जमलं तर बरं.