मोटर चालू हाय तवर

“मोटर चालू हाय तवर बसतो,” असं म्हणून ती आडाच्या कठड्यावर टेकायची. टेकण्याआधी मोटरीच्या पाठीवर तळहात ठेवून ती किती तापली आहे ते बघायची, पदराने कपाळ पुसायची आणि आमच्या भिंतीकडे तोंड करून विचारायची, “काय केलंयस आज कालवणाला?” आमच्याकडे बायकासुद्धा ‘बसतो, येतो, जातो’ असंच बोलतात. पुण्याच्या पाहुण्यांना त्याचं हसू येतं. येऊ दे.

सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची, मीही तेच म्हणायची. आमचं आणि त्यांचं परडं, म्हणजे मागचं अंगण, एकमेकांना लागून, मध्ये छातीएवढी भिंत. अलीकडे मी साड्यांना फॉल लावत बसलेली, कारण आमच्या घरात भरदुपारीही सुई ओवायला दिवा लागतो. पलीकडे त्यांचा आड, आडाजवळ मोटर आणि मोटरीजवळ आक्का. वडगावात अशी परडी आता फार राहिली नाहीत. पण परड्यात येऊन घटकाभर श्वास टाकणारी बाई तुम्हीही कुठे ना कुठे पाहिली असेलच.

त्यांच्या पुढच्या सोप्यात विणकामाचे माग. सकाळी सुरू झाले की जमीन थरथरते आणि फळीवरचे डबे वाजतात. आक्का त्या मागांना कांड्या भरून द्यायची. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. ती संपली आणि दुसरी हाताशी नसली, की माग थांबतो. माग थांबला की अण्णा, म्हणजे तिचा नवरा, नुसतं “कांडी” एवढंच ओरडायचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या तोंडून मी तिच्यासाठी दुसरा शब्द फारसा ऐकला नाही.

त्यामुळे आक्काला उठता यायचं नाही. शहापूरला देवाला जायचं तरी आधी ढीगभर कांड्या भरून ठेवायला लागायच्या. सदलगा तिचं माहेर. भाच्याच्या लग्नाला गेली, तर अक्षता टाकून, जेवून, त्याच संध्याकाळी परत. “पानात जिलबी वाडली, ती हातात घिऊनच गाडीत बसलो,” असं तिने मला हसत सांगितलं होतं. मला काही हसू आलं नाही.

एक मोटर तेवढी तिची सुटका होती. त्यांच्या आडाचा झरा बारीक. मागे एकदा पाणी तुटलं, मोटर कोरडीच फिरत राहिली आणि जळली. तेव्हापासून सासूने नेम घालून दिला, की मोटर चालू असताना जवळ माणूस पाहिजे. माणूस म्हणजे आक्का. तेवढा वेळ म्हातारी स्वतः कांड्यांच्या मशीनवर बसायची आणि अण्णांना काही बोलता यायचं नाही, कारण आईचा शब्द.

घरात ओरडून बोलायची सवय असलेली ही बाई भिंतीशी आली की आवाज एकदम खाली आणायची. काही गुपितं सांगायची असंही नाही. सदलग्याच्या मळ्यातल्या गोष्टी, सकाळी पडलेलं स्वप्न, आमटीत मीठ जास्त झालं ते. मागांना तिने नावं ठेवली होती. सारखा अडकणारा माग म्हणजे ‘थोरली नणंद’. “आज थोरल्या नणंदंनं दोनदा धागा तोडला,” असं म्हणून ती तोंडावर पदर धरून हसायची. मलाही त्या हसण्याची सवय झाली होती. मोटर लागल्याचा आवाज आला की मी साडी आवरून भिंतीकडे सरकायची.

जळलेल्या मोटरीच्या जागी नवी आली ती दांडगी निघाली. आक्काने “आगं, काल काय झालं म्हायती हाय?” म्हणावं, तेवढ्यात गच्चीवरची टाकी भरून पाणी खाली सांडायला लागायचं. आतून म्हातारी ओरडायची आणि आक्का वाक्य अर्ध्यात टाकून जायची. काल काय झालं ते मला कळायचंच नाही.

मग हळूहळू टाकी भरायला वेळ लागू लागला. मला वाटलं, उन्हाळा आहे, झरा आटला असेल. एके दिवशी बघते तर आक्काने स्विच लावला, मोटरीवर तळहात ठेवला, आणि खाली वाकून पाइपावरच्या पितळी व्हॉल्व्हची गोल चावी फिरवली. पाण्याचा आवाज बसला. तिने वर बघितलं, मी तिच्याकडेच बघत होते. मी दाताने दोरा तोडला आणि सुई ओवायला घेतली. ती कठड्यावर बसली आणि म्हणाली, “तर काल काय झालं...”

त्या चावीबद्दल आम्ही दोघी कितीतरी दिवस काही बोललो नाही. बोलायचं काय होतं त्यात? कुणाचं काही बिघडत नव्हतं. टाकी उशिरा का होईना, भरत होती.

बिघडलं ते आक्काच्या धाकट्या दिराचं लग्न झाल्यावर. त्याच्यासाठी वर खोली बांधली, खोलीला नवी न्हाणी केली. मोटरीचं पाणी आधी त्या न्हाणीच्या नळाला आणि तिथून टाकीला, अशी जोडणी झाली. दीर मोठ्या हौसेने नळ सोडायला गेला, तर दोऱ्याएवढी धार. सगळं घर खाली येऊन मोटरीभोवती उभं राहिलं. “प्रेशर न्हाय,” दीर म्हणाला. “प्रेशर न्हाय,” अण्णा म्हणाले. मोटरवाल्याला बोलावणं गेलं.

मोटरवाला दारात आला आणि आक्का चहाचं पाणी आणायला म्हणून परड्यात गेली. त्याने मोटर लावली. वर नळाखाली वाकून बघत असलेला दीर डोक्यापासून पायापर्यंत भिजला. “छलो ऐत्री,” मोटरवाला कानडीत म्हणाला. चांगलंच आहे की, मग मला कशाला बोलावलंत, असा सूर. चहा पिऊन तो गेला. दुसऱ्या दिवशी नळाला पुन्हा दोरा.

असं किती वेळा झालं म्हणून सांगू. एकदा त्याने आडातला सगळा काळा पाइप दोघा-तिघांकडून वर ओढून घेतला. पाइपाच्या बुडाशी असलेल्या फूटव्हॉल्व्हच्या जाळीत शेवाळ आणि प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा निघाला. तो त्याने गल्लीभर दाखवला, “हाच चोर” म्हणाला. पाणी जोरात आलं, तो जाईपर्यंत टिकलं. एकदा म्हणाला पाइप हवा ओढतोय, आणि सगळ्या सांध्यांना दोरा गुंडाळून पांढरा लेप लावला. एकदा विजेलाच दोष दिला. मी भिंतीआडून बघायची. दुखणारी दाढ डॉक्टर दिसला की थांबते ना, तसं त्या मोटरीचं झालं होतं. बिचाऱ्याची मला दया यायची आणि हसूही आवरायचं नाही.

हसू थांबलं ते म्हातारीच्या एका वाक्याने. पाइप झाला, सांधे झाले, वीज झाली, आता दोष द्यायला माणूसच उरला होता. “ही आली आणि पाण्याचा जोर गेला,” म्हातारी म्हणाली. ही म्हणजे नवी सून. पोरगी येळ्ळूरची, शिकलेली, अंगाने किडमिडी. ती घागरी भरून जिना चढायची, कारण वर अंघोळीला पाणी पुरायचं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हातारी पायगुणाची गोष्ट सांगायला लागली. एकदा तर सुनेच्या आईसमोरच बोलली, आणि ती माउली न जेवता परत गेली.

त्या दिवशी आक्का आली, स्विच लावला, पण चावीला हात लावला नाही. नुसतीच उभी राहिली. मग वाकून चावी फिरवली आणि कठड्यावर बसली. कालवणाचं विचारलं नाही.

“पोरगी रडती गं,” ती म्हणाली. “जिन्याखाली बसून रडती. मला मशीनवरनं दिसतंय.”

“रडू दे चार दिवस. म्हातारी थकेल बोलून,” मी म्हटलं. मी अशीच आहे, मला दुसऱ्याच्या सुनेची एवढी काळजी नव्हती. मला माझी आक्का हवी होती.

“न्हाय थकत त्या. मी आलतो तवा थोरला माग बंद पडलाता. अजून सांगत्यात.” तिने व्हॉल्व्हकडे बघितलं. “सोडून टाकावं म्हणतो समदं पाणी. पर मग हिथं बसायचं कसं? एवढंच हाय गं मला.”

मोटरीचा आवाज चालू होता आणि आम्ही दोघी तो ऐकत बसलो.

पुढे तिने जे केलं ते तिलाच सुचावं. व्हॉल्व्ह नुसता सोडून भागणार नव्हतं. पाणी आपोआप आलं असतं तर म्हातारी म्हणाली असती, बघा, सून दोन दिवस माहेरी गेली आणि जोर आला. म्हणून आक्काने सासूला सांगितलं, “आत्याबाई, नव्या सुनंनं आडाची ओटी भरलीच न्हाय की. तवापास्नं हाय हे.” म्हातारीच्या डोळ्यांत उजेड पडला. लग्नाच्या गडबडीत ते खरंच राहून गेलं होतं. आमच्यात नव्या नवरीने आडाला हळदकुंकू वाहून ओटी भरल्याशिवाय पाणी शेंदू नये म्हणतात. मोटर आल्यापासून शेंदतंय कोण, म्हणून विसरले होते सगळे.

शुक्रवारी ओटी भरली. मलाही बोलावलं होतं. सुनेने खण-नारळ वाहिला, पाच सवाष्णींना कुंकू लावलं. आक्का मोटरीजवळ सडा टाकायच्या निमित्ताने वाकली, ते मी बघितलं. चावी पुरती उघडल्यावर ती तांब्या घेऊन बाजूला झाली. म्हातारी सुनेला म्हणाली, “लाव स्विच तुझ्या हातानं.” पोरीने डोळे मिटून स्विच लावला. वरून दीर ओरडला, “आलं, आलं. बादली पालथी व्हायला लागलीया.”

म्हातारीचा चेहरा बघण्यासारखा होता. तिने सुनेच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. पोरगी रडायलाच लागली. आक्काही हसत होती, मनापासून हसत होती. मला तिचा एवढा अभिमान वाटला, की सगळ्यांसमोर सांगून टाकावं असं झालं. मी गप्प बसले, ते बरं केलं.

मग म्हातारी म्हणाली, “हिच्या हाताला गुण हाय. आजपास्नं मोटर हीच लावंल.”

आक्का तबक उचलत होती. तिचा हात थांबला. थोडा वेळ तरी बसायला मिळेल, टाकी भरेपर्यंत का होईना, एवढा हिशेब तिने केला असणार. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही. “व्हय आत्याबाई,” ती म्हणाली. आतून अण्णांचा आवाज आला, “कांडी.” तबक तिथेच ठेवून ती आत गेली.

मोटरवाला अजून सांगतो की त्याच्या पांढऱ्या लेपाने जोर आला. म्हातारी आडाच्या देवीचं नाव घेते. नवी सून रोज परड्यात येते, स्विच लावते, मोबाइल बघत उभी राहते, आणि बघता बघता टाकी भरते. पोरगी गुणाची आहे. मला एकदा म्हणाली, “काकू, आक्का हिथं लई वेळ बसायच्या म्हणं?” मी म्हटलं, “तेव्हा पाण्याला जोर नव्हता.”

मध्ये एकदा मी लोणच्याची वाटी घेऊन पुढच्या दाराने गेले होते. आक्का मशीनवर. तिने मला खाली ओढलं आणि कानाशी तोंड आणून ओरडून सांगितलं, “पोरीला दिवस गेल्यात. आता तिला आडाजवळ जाऊ देत न्हाईत आत्याबाई. मोटर माझ्याकडं.” तिचे डोळे लहान मुलीसारखे झाले होते. मी घरी येऊन भिंतीजवळची अडगळ बाजूला केली आणि बसायचा पाट तिथे नेऊन ठेवला.

दोन दिवसांनी मोटरवाला एक डबी घेऊन आला. गरोदर बाईला कशाला त्रास, म्हणून दिराने सांगितली होती. टाकी उतरली की ती मोटर लावते, भरली की बंद करते, आडातलं पाणी तुटलं तरी बंद करते. जवळ माणूस लागत नाही. तो ती भिंतीवर बसवत असताना अण्णा उभे राहून बघत होते आणि खूश झाले.

आता दिवसातून केव्हातरी मोटर आपली आपणच लागते. परड्यात कुणी नसतं. एकदा मला राहवलं नाही. मी भिंतीवर रेलून “आक्का” म्हणून हाक मारली, मग जोरात मारली. मागांचा आवाज तसाच चालू होता. मागचं दार उघडून नवी सून उंबऱ्यात आली, पोटावर हात ठेवून.

“त्यास्नी ऐकू न्हाय जायाचं, काकू,” ती म्हणाली. “काय सांगायचं हाय? मी सांगतो की.”

मी म्हटलं, “काही नाही गं.”